परक्या कायद्याच्या उंबरठ्यावर

रियाधला निघालो असताना दिल्ली विमानतळाच्या प्रवेशद्वाराबाहेर एका मध्यमवयीन गृहस्थांनी मला अदबीने थांबवले. त्यांचा धाकटा भाऊ रियाधमध्ये चालक म्हणून काम करतो, त्याच्या पाठीचे दुखणे बळावले आहे आणि गावच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनीच त्याला आराम पडतो, असे ते सांगत होते. हातात सुती कापडात शिवलेले एक पुडके होते. त्यात गोळ्या, लोणच्याची बरणी आणि आईने दळून दिलेला मसाला होता. ‘‘भाऊ विमानतळावर येऊन घेऊन जाईल, तुम्हाला काहीच त्रास होणार नाही,’’ असे ते म्हणाले. मी नकार दिला. त्यांनी वाद घातला नाही. ‘ठीक आहे साहेब,’ म्हणून ते दुसऱ्या प्रवाशाकडे वळले.

तो नकार योग्य होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही तो मला बोचत राहिला. परगावी निघालेल्या माणसाच्या हाती निरोप आणि पुडके देणे हा आपल्या समाजात अविश्वासाचा विषय कधीच नव्हता. उलट नाही म्हणणाराच माणूसघाणा ठरतो. भारतीय प्रवासी ज्या सवयी घेऊन परदेशात जातो, त्यातली ही सर्वांत चांगली सवय आहे आणि आखातात तीच सर्वांत धोकादायक ठरू शकते.

मुंबईच्या एका दांपत्याची कहाणी अनेकांना आठवत असेल. जुलै २०१९ मध्ये हे दोघे एका नातेवाईक महिलेने भेट म्हणून घडवलेल्या सहलीसाठी कतारला गेले. निघताना तिने त्यांच्या हाती एक पुडके दिले. दोहाच्या विमानतळावर सामानाची झडती झाली, तेव्हा त्यातून सुमारे चार किलो चरस निघाले. पत्नी गरोदर होती. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि मूल तुरुंगातच जन्मले. मुंबईतील कुटुंबीयांनी हार मानली नाही, भारताच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने तपास केला, या दोघांना फसवले गेल्याचे पुरावे उभे राहिले आणि अखेर २०२१ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता झाली. निर्दोष असल्याचे सिद्ध करायला जवळजवळ पावणेदोन वर्षे लागली. हे दांपत्य सुशिक्षित होते, त्यांच्यामागे धडपडणारे नातेवाईक होते आणि भारतातील एक तपास यंत्रणा त्यांच्या बाजूने उभी राहिली. ज्यांच्यामागे यातले काहीच नसते, त्यांचे काय होत असेल याची कल्पनाच केलेली बरी.

एखाद्या परंपरानिष्ठ मुस्लीम देशात जाताना सामान्य भारतीयाने काय काळजी घ्यावी, हा विषय आपल्याकडे सहसा प्रवासवर्णनांच्या पुरवणीत ढकलला जातो. मी तो इथे मांडतो आहे, कारण माझ्या मते तो राज्यकारभाराचा विषय आहे. सौदी अरेबियात सुमारे २६ लाख भारतीय राहतात. हजसाठी भारताचा कोटा १ लाख ७५ हजार २५ यात्रेकरूंचा आहे आणि उमरासाठी वर्षभर जाणाऱ्यांचा ओघ याखेरीज. त्यात आता हौशी पर्यटकांची भर पडते आहे. दुसरीकडे, सरकारने २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार परदेशी तुरुंगांत दहा हजारांहून अधिक भारतीय होते आणि त्यांतले अडीच हजारांहून अधिक एकट्या सौदी अरेबियात. हे सारे निरपराध आहेत, असे मी म्हणत नाही. पण यातले किती जण गुन्हेगारीमुळे तुरुंगात गेले आणि किती जण अज्ञानामुळे, हा प्रश्न आपण कधी नीट विचारलेलाही नाही.

सौदी अरेबियाविषयी आपल्याकडे दोन चित्रे प्रचलित आहेत आणि दोन्ही प्रवाशाची दिशाभूल करतात. पहिले चित्र जुने आहे. त्यात काळ्या बुरख्यातील स्त्रिया, छडी घेऊन फिरणारे धर्मपोलीस आणि नमाजाच्या वेळी धडाधड बंद होणारी दुकाने दिसतात. हे चित्र आता बरेचसे कालबाह्य झाले आहे. एप्रिल २०१६ मध्ये धर्मपोलिसांचा अटकेचा अधिकार काढून घेण्यात आला. एप्रिल २०१८ मध्ये चित्रपटगृहे पुन्हा उघडली आणि त्याच वर्षी जूनमध्ये स्त्रियांना वाहन चालवण्याची मुभा मिळाली. सप्टेंबर २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा सुरू झाला. परदेशी स्त्रीने अबाया घातलाच पाहिजे, ही सक्ती उरली नाही. परदेशी स्त्री-पुरुषांना विवाहाचा पुरावा न दाखवता हॉटेलात एक खोली मिळू लागली. एकट्या स्त्रीला आता पुरुष नातेवाइकाविना उमरा करता येतो. २०२१ पासून नमाजाच्या वेळीही दुकाने उघडी ठेवता येतात. मी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पाहिलेले रियाध आणि आजचे रियाध ही जणू दोन वेगळी शहरे आहेत.

दुसरे चित्र नवे आहे आणि ते जाहिरातींनी रंगवलेले आहे. अल-उलाचे वाळुकाश्म, तांबड्या समुद्राचे किनारे, संगीत महोत्सव आणि फुटबॉलचे तारे त्यात दिसतात. सौदी अरेबिया आता ‘दुसरी दुबई’ झाला आहे, असा समज त्यातून होतो. माझ्या मते आजच्या प्रवाशाला जुन्या चित्रापेक्षा या चित्राचा धोका अधिक आहे. जुन्या भीतीमुळे माणूस निदान सावध तरी राहत असे.

युवराज मोहम्मद बिन सलमान यांच्या काळात सामाजिक निर्बंध सैल झाले, हे जितके खरे तितकेच राजकीय निर्बंध आवळले गेले, हेही खरे. २०२२ च्या मार्चमध्ये एकाच दिवशी ८१ जणांना मृत्युदंड दिला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठीचा मृत्युदंड पुन्हा अमलात येऊ लागला. २०२४ मध्ये फाशी वा शिरच्छेद झालेल्यांची संख्या तीनशेच्या वर गेली आणि त्यांत परदेशी नागरिकांची संख्या मोठी होती. समाजमाध्यमांवरील काही संदेशांसाठी एका सौदी संशोधक विद्यार्थिनीला २०२२ मध्ये ३४ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. ती नंतर कमी झाली, पण संदेश पोहोचायचा तो पोहोचला. थोडक्यात, बाजारपेठ मोकळी झाली आहे, न्यायव्यवस्था नव्हे. पर्यटकाला बाजारपेठच दिसते. न्यायव्यवस्था दिसते ती काही चुकले तरच.

मग जाणाऱ्याने काय करावे? अनुभवाने आणि वाचनाने जे मला खात्रीचे वाटते तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट औषधांची. आपल्याकडे औषधांच्या दुकानात सहज मिळणाऱ्या कितीतरी गोष्टी तिथे नियंत्रित आहेत. कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके, मज्जातंतूंच्या दुखण्यावरचे प्रीगॅबलिन, झोपेसाठी किंवा चिंतेसाठी घेतली जाणारी अल्प्राझोलम आणि क्लोनाझेपाम ही त्यातली काही. अशी औषधे घेणाऱ्याने सौदी अन्न व औषध प्राधिकरणाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून आगाऊ परवानगी घ्यावी. औषधे मूळ वेष्टनात आणि मुक्कामाच्या दिवसांपुरतीच न्यावीत. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, सुवाच्य आणि औषधाच्या मूळ नावासह असावी. गोळ्यांची पाने कापून एका डबीत भरण्याची आपली घरगुती पद्धत इथे महागात पडू शकते. दिल्लीच्या त्या गृहस्थांच्या पुडक्यात बहुधा पाठदुखीच्या साध्या गोळ्याच होत्या. पण त्यांत ट्रॅमाडॉल नसेलच, हे त्यांनाही सांगता आले नसते आणि मला तर नाहीच नाही.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. खसखस आपल्याला बंगालच्या आलू-पोस्तोपासून महाराष्ट्राच्या अनारशापर्यंत सर्वत्र भेटते. सौदी अरेबिया, कतार आणि संयुक्त अरब अमिराती या देशांत मात्र ती बंदी असलेल्या वस्तूंत मोडते, कारण ती अफूच्या बोंडातून येते. घरचा मसाला नेताना त्यात काय पडले आहे, हे आईला किंवा सासूला विचारून घ्यावे. मद्य आणि डुकराचे मांस नेऊच नये. सौदी अरेबियात मद्यबंदी १९५२ पासून आहे आणि राजनैतिक वर्तुळासाठी अलीकडे झालेली अल्पशी सोय सामान्य पर्यटकासाठी नाही. कोणी खासगी मेजवानीचे आमंत्रण दिले, तर यजमानाची ओळख कितीही मोठी असली तरी परिणाम पाहुण्यालाही भोगावे लागतात, हे लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट वागणुकीची. पर्यटक व्हिसाबरोबरच २०१९ मध्ये सार्वजनिक शिष्टाचाराचे नियम आले आणि त्यात १९ प्रकारची वर्तने दंडनीय ठरली. खांदे आणि गुडघे झाकणारा पोशाख स्त्री-पुरुष दोघांनीही ठेवावा. सार्वजनिक ठिकाणी जवळीक दाखवू नये, परवानगीवाचून कोणाचे, विशेषतः स्त्रियांचे आणि कुटुंबांचे, छायाचित्र घेऊ नये, नमाजाच्या वेळी मोठ्याने संगीत लावू नये. सरकारी इमारती, लष्करी ठाणी आणि राजवाडे यांच्याकडे कॅमेरा वळवू नये. रमजानच्या महिन्यात दिवसा उघड्यावर खाणे, पिणे व धूम्रपान टाळावे, आपला धर्म कोणताही असो. समलिंगी संबंध तिथे गुन्हा आहेत आणि त्याची शिक्षा अत्यंत कठोर असू शकते. स्त्रियांच्या छळाविरुद्ध २०१८ पासून स्वतंत्र कायदा आहे. त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. म्हणजे त्रास झाला तर गप्प बसण्याचे कारण नाही आणि ‘सहज टक लावून पाहणे’ ही आपल्याकडील पुरुषी सवय तिथे नेण्याचेही कारण नाही.

चौथी गोष्ट धर्माची. मक्केत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. मदिनेत पैगंबरांच्या मशिदीच्या परिसराबाबतही हेच लागू आहे. २०२२ मध्ये एका इस्रायली वार्ताहराने चोरून मक्केत प्रवेश केला. तो स्वतः निघून गेला, पण त्याला नेणाऱ्या सौदी नागरिकाला अटक झाली. कुतूहलाची किंमत बहुधा दुसऱ्याला मोजावी लागते. आपली पूजा, जप, पोथी खासगीत ठेवायला हरकत घेतली जात नाही. पण सार्वजनिक उपासना आणि धर्मप्रसार यांना मुभा नाही. हे आपल्याला पटो न पटो, तिथे असेपर्यंत पाळावेच लागते.

पाचवी आणि आज कदाचित सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खिशातला फोन. २००७ च्या सौदी सायबर गुन्हे कायद्यानुसार सार्वजनिक सुव्यवस्था, धार्मिक मूल्ये किंवा नीतिमत्ता यांना बाधा आणणारा मजकूर पसरवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि तीस लाख रियालपर्यंत दंड होऊ शकतो. कर्नाटकातील उडुपी जिल्ह्यातील एक वातानुकूलन तंत्रज्ञ दम्मामला नोकरीला होता. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच्या नावाच्या खात्यावरून मक्केविषयी आणि युवराजांविषयी अश्लाघ्य मजकूर प्रसिद्ध झाला आणि त्याला अटक झाली. ते खाते बनावट होते. उडुपी पोलिसांनी पुढे कर्नाटकातीलच दोन भावांना त्या प्रकरणी पकडले. तरी तो तंत्रज्ञ घरी परतला तो ऑगस्ट २०२१ मध्ये. त्याआधी देशातील एका राजकीय वादावर त्याने स्वतःच्या खात्यावर चित्रफीत टाकली होती आणि तिच्याबद्दल माफीही मागितली होती. लोकांचे लक्ष वेधले गेले ते तिथून. मायदेशातील राजकारणाची भांडणे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून आखातात नेऊ नयेत. तिथे ती भांडणे राहत नाहीत, पुरावा होतात.

यानंतर ज्या दोन गोष्टी सांगायच्या, त्यांचा धर्माशी वा परंपरेशी काही संबंध नाही. तरी प्रत्यक्षात सर्वाधिक जीव त्यांच्यापायीच जातात. एक म्हणजे उष्णता. २०२४ च्या हजमध्ये मक्केच्या मशिदीपाशी तापमान ५१.८ अंशांवर गेले आणि १,३०० हून अधिक यात्रेकरू दगावले. सौदी सरकारच्या सांगण्यानुसार त्यांतले ८३ टक्के अधिकृत परवान्याविना आलेले होते. म्हणजे त्यांना वातानुकूलित तंबू नव्हते, बस नव्हत्या, मैलोन्‌मैल उन्हात चालण्यावाचून पर्याय नव्हता. पर्यटक वा भेट व्हिसावर हज करता येत नाही. ‘तिथे गेल्यावर सगळे जमवून देतो’ म्हणणारा दलाल केवळ पैसे बुडवत नाही, तो माणसाला उन्हात सोडतो. दुसरी गोष्ट रस्ते. नोव्हेंबर २०२५ मध्ये मदिनेच्या वाटेवर झालेल्या बस अपघातात हैदराबाद परिसरातील चाळीसहून अधिक उमरा यात्रेकरू मृत्युमुखी पडले. त्यांत एकाच कुटुंबाच्या अनेक पिढ्या होत्या. लांबचा पल्ला शक्यतो दिवसा गाठावा, आसनपट्टा बांधावा आणि स्वतः गाडी चालवायची असेल तर पुरेसा विमा घ्यावा. जीवघेण्या अपघातात चालकाची चूक ठरली, तर मृताच्या कुटुंबाला द्यावयाच्या भरपाईचा, म्हणजे ‘दिया’चा, प्रश्न उभा राहतो. आणीबाणीत मक्का, मदिना, रियाध आणि पूर्व प्रांतात ९११ हा क्रमांक चालतो.

आणि अटक झालीच तर? शांत राहावे, वाद घालू नये, लाच देण्याचा विचारही करू नये. न समजणाऱ्या अरबी कागदावर सही करू नये, दुभाषा मागावा. भारतीय दूतावासाला कळवा, असे स्पष्ट शब्दांत सांगावे. १९६३ च्या व्हिएन्ना करारातील ३६ व्या कलमाने हा हक्क दिला आहे. मात्र तो अटक झालेल्याने मागावा लागतो. आपण मागितले नाही, तर आपण तुरुंगात आहोत हे दूतावासाला कळण्याची शाश्वती नसते. रियाधचा दूतावास आणि जेद्दाची वकिलात यांचे क्रमांक फोनमध्ये तर असावेतच, पण कागदावरही असावेत, कारण सर्वांत आधी फोनच काढून घेतला जातो. पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती घरच्यांजवळ ठेवाव्यात.

इथवर मी प्रवाशाला उपदेश केला. पण सारा भार प्रवाशावर टाकून मोकळे होणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

ब्रिटनचे परराष्ट्र खाते प्रत्येक देशासाठी एक कायमस्वरूपी पान चालवते. त्यात कायदे, आरोग्य, प्रवेशाचे नियम, स्त्री प्रवाशांसाठी सूचना असे वेगवेगळे भाग असतात आणि ते सतत अद्ययावत होते. अमेरिका देशांना जोखमीनुसार चार पातळ्यांत मांडते. भारताची पद्धत वेगळी आहे. आपली सूचना येते ती युद्ध भडकल्यावर, विमाने रद्द झाल्यावर किंवा अपहरणाची बातमी आल्यावर. दूतावासांच्या संकेतस्थळांवर उपयुक्त माहिती असते, हे मान्य. पण ती बहुतांशी इंग्रजीत असते आणि जो शोधील त्यालाच सापडते. ज्याला इंग्रजी वाचता येते आणि संकेतस्थळ शोधता येते, त्याला त्या माहितीची गरज तुलनेने कमीच असते. तेलंगणातील उमरा यात्रेकरू, बिहारचा गवंडी, रत्नागिरीहून मुलाकडे निघालेली आई यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही.

यंत्रणा अजिबात नाही, असे नाही. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगारांसाठी १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली मंजुरीची व्यवस्था आहे, ई-मायग्रेट आहे, तक्रारींसाठी ‘मदद’ संकेतस्थळ आहे, अडचणीतील भारतीयांसाठी समुदाय कल्याण निधी आहे, रियाध व जेद्दामध्ये प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्रे आहेत. हज समितीमार्फत जाणाऱ्यांना प्रशिक्षण मिळते. पण उमरासाठी जाणारा यात्रेकरू कामगारही नसतो आणि हज यात्रेकरूही नसतो. त्याचे सारे शिक्षण खासगी प्रवासी कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असते. हज अल्पसंख्याक मंत्रालयाकडे, कामगार परराष्ट्र मंत्रालयाकडे आणि पर्यटक कोणाकडेच नाही, अशी ही वाटणी आहे. पर्यटक व्हिसावर कामाला नेण्याची लबाडी करणाऱ्या दलालांना हीच फट हवी असते.

मला चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात आणि त्यातल्या एकीलाही फारसा पैसा लागत नाही. एक, प्रमुख देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाने कायमस्वरूपी प्रवास मार्गदर्शक तयार करावा आणि तो आठव्या परिशिष्टातील भाषांतून, ध्वनिफितींसह, उपलब्ध करावा. दोन, आखातात जाणारे तिकीट विकताना औषधे, खसखस आणि परके सामान यांविषयीचा इशारा प्रवाशाच्या भाषेत देणे विमान कंपन्या व प्रवासी दलालांवर बंधनकारक करावे. तीन, उमरा घडवणाऱ्या कंपन्यांना नोंदणी आणि प्रवासपूर्व मार्गदर्शन सक्तीचे करावे. चार, परदेशात अटक झालेल्या भारतीयाला किती दिवसांत दूतावासाची भेट मिळाली, याचा देशनिहाय अहवाल दरवर्षी संसदेत ठेवावा. तुरुंगातील भारतीयांची संख्या संसदेत सांगितली जाते. पण संख्या हे उत्तर नव्हे, ती प्रश्नाची सुरुवात आहे.

या चौथ्या मागणीविषयी थोडे अधिक. दूतावासाच्या भेटीचा हक्क हा आपल्यासाठी नवा विषय नाही. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात भारत हाच ३६ व्या कलमाचा मुद्दा घेऊन आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि जुलै २०१९ मध्ये न्यायालयाने पाकिस्तानने त्याचा भंग केल्याचा निर्णय दिला. कतारने २०२२ मध्ये पकडलेल्या आठ माजी नौसैनिकांना मृत्युदंड सुनावला गेला, तेव्हाही दिल्लीने सर्वोच्च पातळीवर प्रयत्न केले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांची सुटका झाल्याचे जाहीर झाले. दोन्ही प्रसंगी शासनाने जे केले, त्याचा मला आनंद आहे. पण राज्यसंस्थेची कसोटी तिला ज्यांची नावे माहीत आहेत त्यांच्या बाबतीत लागत नाही. सौदी अरेबियाबरोबर शिक्षा झालेल्या कैद्यांच्या हस्तांतराचा करार २०१० मध्येच झाला आहे. उरलेली शिक्षा मायदेशी, नातेवाइकांच्या जवळ भोगता यावी, हा त्याचा हेतू आहे. त्या कराराचा लाभ किती अनाम कैद्यांना झाला, हे कोणीतरी विचारायला हवे.

दोन आक्षेपांची मला कल्पना आहे. पहिला असा, की अशा सूचनांची यादी करणे म्हणजे एका धर्माच्या देशांना भीतिदायक ठरवणे. तसे मला वाटत नाही. सौदी अरेबियात मला भेटलेल्या माणसांचे आतिथ्य मी विसरू शकत नाही. वाट चुकलो तेव्हा स्वतःची गाडी वळवून मला हॉटेलपर्यंत सोडणारा तिथलाच एक तरुण होता. रस्त्यावरील किरकोळ गुन्हेगारीचा विचार केला, तर रियाधमध्ये रात्री फिरताना मला दिल्लीपेक्षा अधिक निर्धास्त वाटले. शिवाय परक्याला अनपेक्षितपणे अडकवणारे कायदे आपल्याकडेही आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन महिलेला अटक झाली, कारण गिर्यारोहक सर्रास वापरतात तसले उपग्रहाधारित संपर्क उपकरण तिच्याजवळ होते आणि भारतात ते परवान्याविना बाळगता येत नाही. तिलाही ते ठाऊक नव्हते. भारतात येणाऱ्यांना त्यांची सरकारे याविषयी सावध करतात. त्यात आपला अपमान आहे, असे आपण मानत नाही. मग सौदींनी तरी का मानावा?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या राजवटीत मतासाठी तुरुंगवास मिळतो, तिथे मुकाट्याने नियम पाळायला सांगणे म्हणजे त्या अन्यायाला मान्यता देणे नव्हे काय? मला वाटते, साक्षीदार आणि पाहुणा यांच्या भूमिका वेगळ्या आहेत. तिथल्या मृत्युदंडांबद्दल, तुरुंगातील स्त्री कार्यकर्त्यांबद्दल, २०१८ मध्ये इस्तंबूलमध्ये झालेल्या जमाल खाशोगी यांच्या हत्येबद्दल आपण आपल्या देशातून, आपल्या नावानिशी बोलावे आणि लिहावे. मी ते करीत आलो आहे. पण तिथल्या चौकात उभे राहून केलेल्या धाडसाची किंमत पर्यटक मोजत नाही. ती त्याला घर दाखवणारा, जेवू घालणारा, गाडीतून नेणारा स्थानिक माणूस मोजतो. मक्केच्या त्या प्रकरणात तेच झाले. तिथे जाणे कोणाच्या मनाला पटत नसेल, तर न जाणे हाही प्रामाणिक मार्ग आहे. मात्र सव्वीस लाख भारतीयांना तो निवडीचा मार्ग नाही. त्यांची चूल तिथल्या पगारावर पेटते.

विमान रियाधला उतरले, तेव्हा मी बाहेर पडून थोडा वेळ उगाच उभा राहिलो. स्वागताला आलेल्यांच्या गर्दीत फलक धरलेले चालक होते, फुले घेतलेली कुटुंबे होती आणि कठड्याला टेकून उभे असलेले कितीतरी भारतीय चेहरे होते. त्यांतला एखादा आपल्या भावाने कोणाच्या हाती पाठवलेल्या पुडक्याची वाट पाहत असेल. ते पुडके कोणी आणले का, आणि आणणारा सामानाच्या तपासणीतून सुखरूप बाहेर आला का, हे मला कधीच कळणार नाही.

त्या गृहस्थांना मी नुसते ‘नाही’ म्हटले, याची खंत मात्र आहे. दोन मिनिटे थांबून मी त्यांना सांगू शकलो असतो, की ही औषधे तिथल्या डॉक्टरांकडून घ्यायला भावाला सांगा, मसाल्यात खसखस आहे का ते पाहा आणि हे पुडके दुसऱ्या कोणाच्याही हाती देऊ नका. मला घाई होती. सरकारलाही बहुधा तीच असते. पण सांगायचे ते विमान सुटण्यापूर्वी, त्या माणसाच्या भाषेत आणि दारापाशीच सांगायला हवे. उंबरठा ओलांडल्यानंतर तिथला कायदा फक्त पुडके कोणाच्या हातात आहे एवढेच विचारतो.